तिऱ्ह्याचा मळा विकताना

2024 च्या दिवाळीत काकांनी मळा विकायचा निर्णय सांगितला, तेव्हा घरात फारसा वाद झाला नाही. काकूंचे गुडघे पार गेले होते आणि चुलतबहीण पुण्यात होती. साडेसात एकर रान आणि त्यातला साडेआठ हजार चौरस फुटांचा बंगला सांभाळणं दोघांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते, कागद वाचायचा मला कंटाळा नाही. म्हणून काकांनी किल्ल्यांचा जुडगा आणि कागदांची पेटी दोन्ही माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "भाव मी ठरवतो, बाकी तू बघ."

शेतासकट मोठा आधुनिक बंगला विकायचा म्हणजे कुठून सुरुवात करायची, हे सलग सांगणारं मला कुणी भेटलं नाही. फ्लॅट विकणारे खूप, नुसतं रान विकणारेही खूप, पण दोन्ही एकत्र असलं की प्रत्येकजण आपल्याला माहीत असलेली अर्धी बाजू सांगतो. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते आहे.

आधी घराविषयी, कारण ते घर मला मनापासून आवडतं. सोलापूरहून मंगळवेढा रस्त्याने निघालं की तिऱ्ह्याच्या अलीकडे आत वळायचं. वरच्या अंगाला मुरमाड माळ, खाली काळं रान, त्याच्या कडेने ओढा, आणि तो ओढा पुढे सीना नदीला मिळतो. बंगला माळावर आहे. काकांचं लहानपण माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरात गेलेलं. पुण्याच्या आर्किटेक्टला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की घर नव्या पद्धतीचं कर, पण मे महिन्यात दुपारी माणूस पंख्याखाली झोपू शकला पाहिजे. त्यामुळे पश्चिमेला एकही मोठी खिडकी नाही. भिंती काळ्या दगडाच्या, दोन फुटी. मधल्या चौकात कडुनिंब, त्याच्या भोवतीने सगळ्या खोल्या, उत्तरेला पुरुषभर उंचीच्या काचा आणि त्यांच्यासमोर बारा फुटी पडवी. फरशी शहाबादी, घासून गुळगुळीत केलेली. स्लॅबवर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक. पोहण्याचा तलाव आहे, पुस्तकांची खोली आहे, सिनेमा बघायची खोली आहे, सोलर आहे. पण बाहेर त्रेचाळीस अंश असताना चौकात पाऊल टाकलं की अंगाला जो फरक कळतो, तो फोटोत येत नाही.

आणि तिथेच पहिली अडचण आली. असं घर विकत घेणारं गिऱ्हाईक सोलापुरात थोडं. ज्याच्याकडे एवढा पैसा आहे, तो बहुधा स्वतःच्या पसंतीने नवं बांधतो. व्हॅल्युअरने जमिनीचा, विहिरीचा आणि बांधकामाचा भाव वेगवेगळा काढून दिला. बांधायला जेवढे पैसे लागले होते, त्याच्या निम्म्याच्या थोडं वर बांधकामाचं मूल्य धरलं. काका गप्प बसले. मग म्हणाले, "घर मी राहायला बांधलं, राहिलो." यावर मी काही बोलले नाही, पण त्यानंतर भावाच्या चर्चेत त्यांनी घराला जास्त धरा असं एकदाही म्हटलं नाही.

कागदांची पेटी उघडली तेव्हा तीन गोष्टी समोर आल्या. मला वाटतं अशा प्रत्येक मळ्यात या तीनपैकी निदान दोन तरी सापडतील.

पहिली गोष्ट म्हणजे ही एक मालमत्ता नव्हतीच. बंगल्याखालची आणि भोवतालची एक एकर बिनशेती, तिची सनद, म्हणजे बिनशेतीचा परवाना, वेगळी. उरलेली साडेसहा एकर शेतजमीन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणजे पुण्या-मुंबईहून फोन करणाऱ्या निम्म्या लोकांना पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमच्या नावावर कुठे सातबारा आहे का? नसेल तर ते फक्त बंगल्याची एक एकर घेऊ शकतात. आणि विहीर शेतजमिनीत. विहिरीशिवाय तो बंगला कुणी घ्यायचा?

दुसरी गोष्ट बोज्याची. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आजोबांच्या काळातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच दिसत होता. कर्ज कधीच फिटलं होतं, पावत्याही होत्या, पण बोजा कमी झाल्याची नोंद कुणी धरली नव्हती. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला मिळवायचा, तो तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, धरून घ्यायचा, मंडळ अधिकाऱ्यांनी तो मंजूर करायचा. काम अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना ते सुरू केलं तर गिऱ्हाईक थांबत नाही. डिजिटल सहीचा सातबारा आता पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. विकायचा विचार मनात आला की त्याच दिवशी तो काढून 'इतर हक्क' वाचावा.

तिसरी गोष्ट आत्याची.

साडेसहा एकरांतली चार एकर आजोबांची होती. ते गेल्यावर वारसनोंदीत काका, माझे वडील आणि आत्या अशी तिघांची नावं लागली. वडिलांनी शहरातलं घर घेतलं आणि रानावरचा हक्क काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडला. आत्याने काहीच लिहून दिलं नव्हतं. तिचं नाव सातबाऱ्यावर होतं आणि आहे. वकिलांनी मसुद्यात तिला 'संमती देणार' म्हणून दाखवलं. काका म्हणाले, "ती येईल की, सही करून जाईल. तिला काय सांगायचंय?"

मला ते पटलं नाही आणि मी तसं काकांना तोंडावर सांगितलं. आपल्याकडे बहिणीच्या सहीला साडीचोळीचा भाव असतो, आणि तो प्रेमाच्या नावाखाली चालतो. आत्याने लहानपणी त्याच रानात ज्वारी राखली आहे, गोफण घेऊन माचावर बसली आहे. चार एकरांत तिचा तिसरा हिस्सा आहे आणि तो सातबाऱ्यावर लिहिलेला आहे. मी वकिलांना 'संमती देणार' खोडून 'लिहून देणार', म्हणजे स्वतः विकणारी, करायला सांगितलं आणि तिच्या हिश्श्याची रक्कम खरेदीखतात वेगळी लिहायला लावली. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः आत्याकडे अक्कलकोटला गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा आत्या त्यांच्यासोबत होती आणि पुढचे आठ दिवस मळ्यावरच राहिली. वकिलांचंही म्हणणं असं, की पुढे कुणी हरकत घेऊ नये म्हणून हाच मार्ग सगळ्यांत पक्का आहे. पण मी ते पक्केपणासाठी केलं नव्हतं.

मोजणी ज्वारी निघाल्यावर घेतली. पीक उभं असताना बांध दिसत नाहीत. भूमी अभिलेखकडे अर्ज केला, लगतधारकांना नोटिसा गेल्या. आता साखळी घेऊन कुणी येत नाही. भूकरमापक रोव्हरची काठी घेऊन आले, वर बशीसारखं यंत्र, हातात टॅब. काठी टेकवायची, क्षणभर थांबायचं, बिंदू घ्यायचा, पुढे सरकायचं. ओढ्याच्या बाजूचा जुना हद्दीचा दगड बाभळीच्या मुळाशी सापडला. आमच्या सालगड्याने कोयत्याने काटे तोडले तेव्हा तो दिसला, वर शेवाळाचा वाळलेला थर. त्या दगडावरून रेघ धरली आणि उत्तरेकडचा बांध तीन गुंठे आमच्या रानात सरकलेला निघाला.

शेजारी तिथेच उभा होता. त्याचा चेहरा पडला. त्या बांधावर त्याच्या वडिलांनी लावलेली दोन चिंचेची झाडं आहेत, पार मोठी. काका त्याला म्हणाले, "झाडं तुझीच हायती. मी काय चिंचा घेऊन पुण्याला जाणार हाय का?" काकांनी ठरवलं, की प्रत्यक्ष वहिवाटीत जेवढं आहे तेवढंच विकायचं आणि भावही तेवढ्याचाच घ्यायचा. वकिलांनी हे नीट कागदावर आणलं: मोजणीच्या 'क' प्रतीचा, म्हणजे भूमी अभिलेखने दिलेला, नकाशा खरेदीखताला जोडला आणि ताब्यातलं क्षेत्र शब्दांत आणि आकड्यांत लिहिलं. तीन गुंठ्यांसाठी भांडत बसलो असतो तर आजही तारखा चालू असत्या. आणि त्याच शेजाऱ्याच्या बांधावरून मळ्याचा रस्ता जातो. त्याने वहिवाटीच्या रस्त्याला हरकत नसल्याचं नोटरीसमोर लिहून दिलं. रस्ता अडला तर मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते हे खरं, पण लिहून घेतलेला रस्ता आणि मागून मिळवलेला रस्ता यांत गिऱ्हाईक फरक करतं.

एवढं झाल्यावर मग जाहिरात. एजंटने पाठवलेला मजकूर गुळगुळीत होता, 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे. ड्रोनने काढलेला व्हिडिओ मात्र सुंदर होता, संध्याकाळी काचांवर सगळं आकाश उतरलेलं. व्हिडिओ ठेवला, मजकूर मी नव्याने लिहिला. पहिल्या ओळीत विहीर: साठ फूट खोल, तीस फूट व्यास, मे महिन्यात मोटार किती तास चालते ते. दुसऱ्या ओळीत बिनशेती किती, शेती किती, मोजणी झालेली. मग घर. आणि शेवटी असं वाक्य, की ऑक्टोबर 2020 च्या पावसात ओढ्याकाठच्या दीड एकरात पाणी आलं होतं, बंगल्याकडे आलेलं नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, हे कोण लिहितं?" मी म्हटलं, आपण लिहितो. हे वाक्य वाचून जो निघून जाईल, तो पाऊस बघून निघून गेलाच असता.

गुढीपाडव्यानंतर लोक यायला लागले. कार्यालय-लॉन काढायच्या विचाराने आलेले होते, रिसॉर्ट काढू म्हणणारे होते, एका जोडप्याने तर सगळ्या खोल्यांत फोटो काढले आणि चहा घेऊन गेले. बहुतेकजण आधी तलाव बघायचे, मग स्वयंपाकघर, मग गच्ची. रानात उतरायला कुणी तयार नसे. काकू प्रत्येकाला सरबत द्यायच्या. मला त्या दिवसांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात सांगोल्याकडचं एक कुटुंब आलं. वडील, मुलगा आणि सून. डाळिंबाची मोठी बाग होती त्यांची, ती मर रोगाने आणि खोडकिड्याने गेली. सून डॉक्टर, सोलापुरात दवाखाना. त्यांना शहराजवळ राहायचं होतं आणि वडिलांना रान सोडायचं नव्हतं. मुलगा-सून काकूंबरोबर घरात गेले. वडील, सगळे त्यांना आबा म्हणत होते, त्यांनी चप्पल काढून काळ्या रानात दहा पावलं टाकली, ढेकूळ उचलून फोडलं, आणि सरळ विहिरीवर गेले.

"मोटार लावा," म्हणाले.

दिवसाची लाईट होती. काकांनी मोटार सुरू केली. आबांनी खिशातून सुतळी काढली, टोकाला दगड बांधला, तो विहिरीत सोडून पाण्याची पातळी घेतली आणि सुतळीला गाठ मारली. मग करंजाखाली बसून राहिले. बाहेर झळा मारत होत्या. मी दोनदा घरात बोलावलं, ते हलले नाहीत. मोटारीने पाणी उपसलं तशी पुन्हा सुतळी सोडली, दुसरी गाठ. मग मोटार बंद करून झऱ्यांनी पाणी परत किती वर येतं ते बघत बसले. काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे नसतं, फटींतून येतं; त्या फटी उन्हाळ्यात किती चालतात हे असं बसूनच कळतं. दुपार उलटली तेव्हा तिसरी गाठ मारली, तिन्ही गाठींमधली अंतरं वितीने मोजली आणि काकांना म्हणाले, "तुमी लिवलंय तसंच हाय की ओ."

त्या वाक्यानंतर व्यवहार होणार हे मला कळलं. भाव ठरायला अजून वेळ लागला, पण तो वेळ दोन शेतकऱ्यांच्या बोलण्याचा होता. सुनेला चौक आवडला होता. तिने मला विचारलं, की कडुनिंबाची पानं चौकात पडतात त्याचं काय करता, आणि पावसाळ्यात पाणी कुठून जातं. हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच.

साठेखत, म्हणजे खरेदीच्या आधीचा करार, ऑगस्टमध्ये नोंदवलं. त्यातलं एक कलम मी आग्रहाने घालायला लावलं होतं: खरेदीच्या आधी विहीर, रस्ता किंवा घर यांना काही इजा झाली तर त्या भागाचा भाव दोघांनी बसून पुन्हा ठरवायचा, व्यवहार मोडायचा नाही. वकिलांना ते सैल वाटत होतं. विसार घेतला, जाहीर नोटीस वर्तमानपत्रात दिली, मालकीच्या जुन्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट त्यांच्या वकिलांनी काढला.

आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. वरून पाऊस, आणि सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून सोडलेलं पाणी. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद, वडकबाळजवळ विजयपूर महामार्ग बंद. गावंच्या गावं पाण्यात, जनावरं वाहून गेली, उभा ऊस झोपला, कित्येकांच्या रानातली मातीच गेली. आमचं नुकसान त्यांच्यापुढे काहीच नाही, म्हणून ते सांगतानाही संकोच वाटतो. सीनेचं पाणी ओढ्यातून उलटं चढलं आणि खालची दीड एकर बुडाली. काका-काकू बंगल्यावरच होते. तिऱ्ह्यातली चार कुटुंबं त्यांच्याकडे राहायला आली. काकूंनी सिनेमाच्या खोलीत गाद्या टाकल्या. ते घर बांधल्यापासून त्या खोलीचा इतका चांगला उपयोग झाला नव्हता.

पाणी ओसरल्यावर मी आबांना फोन केला. पाणी कुठवर आलं त्याचे फोटो पाठवले, लपवण्यासारखं काही नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी आले. बाभळीच्या फांद्यांना गवत-कचरा अडकला होता, त्याच्या उंचीवरून त्यांनी पाण्याची रेघ धरली आणि ती रेघ डोळ्याने माळाकडे नेली. बंगल्याचं जोतं त्याहून बरंच वर. विहिरीचा कठडा शाबूत होता, आत गढूळ पाणी. त्यांच्या मुलाने इंजिनिअरला आणून पूररेषा तपासून घेतल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. बंगला दोन्हींच्या बाहेर होता.

दीड एकराचा भाव मात्र पुन्हा ठरवावा लागला. आबा काकांना म्हणाले, "माती वाहून गेलेली न्हाई, गाळ बसलाय. पण दोन साल तिथं बाग व्हायची न्हाई." काकांनी मान्य केलं. साठेखतातलं कलम होतं म्हणून ते बोलणं विहिरीच्या कठड्यावर बसून अर्ध्या तासात झालं. ते नसतं तर दोन्हीकडचे वकील बोलले असते.

कराचा भाग थोडक्यात. सोलापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत एक ते दहा लाखांच्या गटात येते, म्हणून शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन भांडवली नफ्याच्या करात येत नाही. आमची साडेसहा एकर त्याच्या बाहेर. बंगला आणि बिनशेतीवर मात्र कर लागतो. 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या घर-जमिनीला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत न वाढवता, साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के, यांतला कमी पडेल तो. काका पुण्यात फ्लॅट घेत होते, त्यामुळे घर विकून घर घेणाऱ्याला तेव्हाच्या कलम 54 ची सूट असे, ती मिळाली. पन्नास लाखांच्या वरच्या घराच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला कर, तेव्हाच्या 26 क्यूबी फॉर्मने भरायचा होता, तो त्यांनी भरला. म्हणूनही दोन खरेदीखतं वेगळी असणं सोयीचं पडलं. शेतजमिनीचं खत मुलाच्या नावे, तो शेतकरी. बंगल्याचं खत सुनेच्या एकटीच्या नावे, कारण निवासी घर महिलेच्या नावे घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. शुल्क रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर आणि ठरलेली किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी फी एक टक्का, पण प्रत्येक दस्ताला तीस हजारांच्या वर नाही. गृहकर्जही फक्त बंगल्यावर मिळालं, रानाचे पैसे त्यांनी स्वतःचे उभे केले. मी स्वतः हिशेबाच्या कामातली असूनही चार्टर्ड अकाउंटंटला सगळे कागद दाखवूनच पुढे गेले, आणि बाकीच्यांनीही तसंच करावं.

नोव्हेंबरमध्ये दुय्यम निबंधकांकडे गेलो. काका, आत्या, आबांचा मुलगा, सून, ओळख देणारे दोघे, वकील. आधी काकांचा अंगठा. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र घेईना. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट, पुन्हा अंगठा. आत्याचा अंगठा पहिल्या झटक्यात आला. फोटोसाठी तिने पदर नीट केला, कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं. दस्तातली तिच्या हिश्श्याची रक्कम वकिलांनी तिला मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, "मिळाले?" ती म्हणाली, "मिळाले," आणि चेकचा नंबरही तोंडपाठ सांगितला. काका खिडकीबाहेर बघत होते. नंतर गाडीत त्यांनी तिला विचारलं, की या पैशांचं काय करणार. ती म्हणाली, माझं मी बघीन. मला ते उत्तर फार आवडलं.

सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आली, ताबा पावती झाली, पण विकणाऱ्याने तिथे थांबू नये. सातबाऱ्यावर नाव बदललं की काम संपलं. तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद धरली गेली, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघाली, कुणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केली. आत्याचं नाव कमी झालेला नवा सातबारा मी काढला आणि त्याच्याबरोबर तिचं नाव असलेला जुनाही छापून तिला नेऊन दिला. तिने दोन्ही ठेवून घेतले. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराचा उतारा, सुनेच्या नावे झाला.

सालगड्याचं मी आधीच बोलून घेतलं होतं. त्याचं साल पाडव्याला सुरू होतं, पाडव्याला संपतं. मध्येच मालक बदलला तर त्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कुणी द्यायची, खोली कुणाची, हे कागदावर कधीच येत नाही आणि सगळ्यांत आधी तोच उघड्यावर पडतो. आबांनी पाडव्यापर्यंत आहे त्या बोलीवर ठेवलं, काकांनी दिलेली उचल हिशेबात धरली, आणि पुढच्या सालाचं बोलणं आत्ताच सुरू आहे. त्याची बायको थोडी वाढ मागते आहे. ती द्यायला पाहिजे असं माझं मत आहे आणि मी ते आबांना सांगितलं आहे.

काकांनी जाण्याआधी एक दिवस आबांच्या मुलाला बरोबर घेऊन सगळं रान फिरवलं. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या लाईनचा, शेततळ्याच्या प्लास्टिकला कुठे ठिगळ आहे, रात्रीच्या पाळीला लाईट आली की स्टार्टर आधी का तपासायचा, पश्चिमेच्या पन्हाळीत पहिल्या पावसाआधी कडुनिंबाचा पाला कसा काढायचा. मुलगा सगळं फोनमध्ये रेकॉर्ड करत होता. विहिरीवरच्या मोटारीचं वीज कनेक्शन त्यांच्या नावावर व्हायचं तेवढं बाकी आहे. अर्ज दिला आहे. तोवर बिल काकांच्या नावाने येतं, मी फोटो काढून पाठवते, आणि आबा त्याच दिवशी भरतात.